स्तंभालेखांची थंडी

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की नगरमध्ये दोन गोष्टी मागोमाग येतात. एक थंडी आणि दुसरी भरतीची जाहिरात. थंडी न चुकता येते, जाहिरात आपल्या सवडीनं. पोरं मात्र स्वेटर आणि कागदपत्रं एकदमच बाहेर काढतात. सावेडीतल्या अभ्यासिकांबाहेर स्कुट्यांची दाटी होते, झेरॉक्सच्या दुकानांत दाखल्यांच्या प्रती निघायला लागतात आणि चहाच्या गाडीवर ‘यंदा जागा किती?’ याखेरीज दुसरा विषय नसतो. या दिवसांत क्लासला जाताना मी मफलर नाकापर्यंत ओढून घेते. थंडीचं निमित्त. खरं म्हणजे मला त्या चेहऱ्यांशी नजरानजर नको असते.

मी शिकवते. स्पर्धा परीक्षेचं गणित आणि बुद्धिमत्ता. स्तंभालेखाचा धडा आला की फळ्यावर एक उभी आणि एक आडवी रेघ ओढते, खाली पाच वर्षं लिहिते आणि वर स्तंभ चारच काढते. एका वर्षाच्या डोक्यावर काहीच नसतं. मग म्हणते, सरासरी काढा. निम्मा वर्ग चारनं भागतो. दर वर्षी भागतो. मी सांगते की तिथं स्तंभ नाही म्हणजे ते वर्ष नाही असं नव्हे, तिथं शून्य आहे आणि भागताना तेही धरायचं. मुलं ‘हो मॅडम’ म्हणतात आणि पुढच्या चाचणीत पुन्हा चारनं भागतात. मला राग येत नाही. एका थंडीत मीही बरेच दिवस चारनंच भागत होते.

ती माझी शेवटची थंडी होती. म्हणजे घरात तसं ठरलं होतं. पदवी होऊन बरेच दिवस झाले होते, दोन परीक्षा थोडक्यात हुकल्या होत्या आणि काष्टीला आमच्या घरी आप्पा, म्हणजे माझे थोरले चुलते, दर सणाला एखादं स्थळ घेऊनच पायरी चढत होते. आण्णा, म्हणजे माझे वडील, आप्पांपुढं कधी आवाज चढवून बोलले नाहीत. त्या दसऱ्याला मात्र सोनं देऊन झाल्यावर म्हणाले, “येवढी एक थंडी जाऊ द्या, आप्पा. न्हाईच जमलं तर मग तुमी म्हनाल तसं.” आप्पांनी पानाचा चुना पुसत ‘बरं’ म्हटलं. आण्णांनी भावाकडं काही मागितल्याचं मला एवढंच आठवतं. त्या एका ‘बरं’वर मी गादीची वळकटी घेऊन पुन्हा सावेडीला आले.

अभ्यासिका म्हणजे एका बंगल्याचा वरचा मजला. प्लायवूडचे खण, प्रत्येक खणात एक दिवा आणि एक खुर्ची, खुर्चीवर ज्याची त्याची घरून आणलेली उशी. फरशी इतकी गार असायची की आम्ही पायाखाली पुठ्ठे घ्यायचो. सकाळी पहिल्या तासाला बोटं बधिर झालेली असत. पेन्सिल हातात आहे की नाही ते बघूनच कळायचं. तिथं काही न लिहिलेले नियम होते. खण रिकामा दिसला तरी दुसऱ्याच्या उशीवर बसायचं नाही. परीक्षेहून आलेल्याला ‘पेपर कसा गेला’ विचारायचं नाही, फक्त चहा पाजायचा. निवड झालेला पेढे वाटून जाताना आपली उशी मागं ठेवून जाई आणि मग त्या लाभणाऱ्या उशीसाठी जी काय ओढाताण व्हायची! गणिताचा अभ्यास करणारी माणसं होतो आम्ही. तरीही ओढाताण व्हायची.

माझ्या शेजारच्या खणात शाहीन होती. नेवाशाची. तिच्या अब्बांचं तिथं बांगड्यांचं दुकान आणि घरात शिकलेली ही एकटीच. आमची पहिल्या आठवड्यातच वाटणी ठरली. तिला स्तंभालेख जमायचे नाहीत, मला संभाव्यता. मग सकाळी मी तिला स्तंभ शिकवायचे आणि दुपारी ती मला फासे आणि नाणी.

शाहीनचं एक ठरलेलं चुकायचं. उभ्या रेघेवरची मापं शून्यापासून सुरू होत नसली की ती हमखास फसायची. एक स्तंभ दुसऱ्याच्या दुप्पट उंच दिसला की लिहून मोकळी, ‘दुप्पट’.

“अगं दिसतंय ना डोळ्याला!” ती म्हणायची.

“डोळ्याला नको विचारू. रेघेला विचार. सुरुवात कुठून केलीय त्यांनी ते बघ.”

“असले आलेख काढतातच कशाला? फसवायलाच ना?”

“फसवायलाच.”

ती कपाळावर हात मारायची आणि पट्टी आडवी लावून पुन्हा खालपासून वाचायला लागायची. उसाचं गाळप, शाळेतली मुलं-मुली, गावोगावच्या विहिरी, कांद्याची आवक. सगळ्या जगाला आम्ही त्या थंडीत उभं-आडवं वाचलं.

माझं चुकायचं ते वेगळं होतं, आणि ते गणितापुरतं नव्हतं. नाणं उडवताना सलग काटाच आला असेल तर आता छापा येणार असं मला आतून वाटायचं. शाहीन शांतपणे सांगायची, “नाण्याला मागचं काही आठवत नाही, वैशू. दर वेळी त्याला नवंच असतं.”

“पण कधीतरी आपली पाळी येतेच की.”

“पाळी नळावर असते. इथं नसते.”

दोनदा हुकलेल्या माणसाला असं सांगायचं असतं का? मी ती सगळी दुपार तिच्याशी बोलले नाही. संध्याकाळी तिनं न विचारता माझ्या खणात अर्धा पेरू ठेवला, तिखटमीठ लावून. मग बोलले.

पत्त्यांचा धडा आला तेव्हा आम्हा दोघींची सारखीच पंचाईत झाली. ‘बावन्न पत्त्यांच्या कॅटमधून एक पत्ता काढला असता तो चित्र असलेला असण्याची संभाव्यता किती?’ आमच्या घरी पत्ते म्हणजे पारावरच्या रिकामटेकड्यांचं काम आणि तिच्या घरी तर नावही काढायची सोय नव्हती. दोघींनी जन्मात पत्त्याला हात लावलेला नव्हता. शेवटी दुकानातून एक कॅट आणला. दुकानदार आमच्याकडं आणि आमच्या पाठीवरच्या पुस्तकांच्या बॅगांकडं आळीपाळीनं बघत राहिला. जिन्यात बसून आम्ही चित्रं मोजली. राजा, राणी, गुलाम, प्रत्येकी चार. आणि इस्पिकच्या एक्क्यावर तर केवढी थोरली नक्षी! ते चित्र नाही तर काय? आम्ही तेरा धरले. तेरा भागिले बावन्न, म्हणजे एक चतुर्थांश. पर्यायांत एक चतुर्थांश होतंही, त्यामुळे आमची खात्रीच पटली. उत्तरं ताडून बघितली तर चूक. आम्ही पुस्तकालाच नावं ठेवली.

आण्णांचा टेम्पो होता. आठवड्यातून एकदा काष्टीहून कांदा, भाजी घेऊन ते नगरच्या मार्केटयार्डात यायचे आणि माल उतरला की सावेडीला माझ्याकडं. आईनं फडक्यात बांधून दिलेल्या भाकरी, पिठलं, ठेचा, कधी हुरडा. मी टेम्पोच्या केबिनमध्ये बसून जेवायचे. आण्णा खाली उभे राहून टायरला लाथ मारून बघायचे, काच पुसायचे, उगीच बोनेट उघडायचे. त्यांची भाकरी वेगळी बांधलेली असे. मी किती म्हटलं तरी माझ्यासोबत जेवायचे नाहीत. मी वर अभ्यासिकेत गेले की मग, टेम्पो लिंबाखाली नेऊन, तोंड पलीकडं करून. माणसाचं लक्ष असताना त्यांना घास गिळताच येत नसे. घरीही भिंतीकडं तोंड करून बसत. भावकीतल्या लग्नात पहिल्या पंगतीपासून वाढत राहत आणि सगळं उठल्यावर मंडपामागं पातेल्याशेजारी बसून खात. आई त्यावरून चिडवायची, “नवरीगत लाजत्यात.” शाहीननं एकदा खिडकीतून बघून मला विचारलं होतं, “तुझे आण्णा जेवतात तरी कधी?” मी म्हटलं, कुणी नसताना.

एकदा मागच्या खेपेचा रिकामा डबा काढताना माझ्या बॅगेतून पत्त्यांचा कॅट त्यांच्या पायाशी पडला. मला वाटलं, आता थंडी आजच संपली. आण्णांनी तो उचलला, माझ्याकडं बघितलं.

“हे काय गं?”

“अभ्यासाचंय. खरंच. परीक्षेला विचारतात.”

“परीक्षेला? पत्तं?” ते इतके हसले की केबिनच्या दाराला टेकले. “आन् आमी यार्डात खेळलो तर जुगार व्हय!”

मग त्यांनी कॅट हातात घेऊन पिसला. मी बघतच राहिले. जाड, चिरा पडलेली बोटं आणि त्यांतून पत्ते पाण्यासारखे सरसर वाहत होते. हा माणूस इतका सफाईनं पत्ते पिसतो हे मला माहीतच नव्हतं. मी त्यांना आमच्या तेरा चित्रांची कथा सांगितली. “एक्का कुठं चित्रात आस्तो का, येडे?” म्हणाले आणि पुन्हा हसले. मग कॅट माझ्या बॅगेत नीट खाली सरकवून एकदम गंभीर झाले.

“आईला सांगू नको.”

“काय?”

“मला येतंय ते.”

मी त्यांना शेवटचं बघितलं ते तेव्हा. अजून बरंच काही बोललो असू, पण मला हे आठवतं. निघताना नेहमीचं विचारलं असणार, “किती बराबर आले?” ते कधी किती चुकले असं विचारत नसत.

पुढच्या खेपेला माल उतरवताना मार्केटयार्डातच त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. सकाळची वेळ होती. मी स्तंभालेखाचा सराव सोडवत होते तेव्हा धाकट्या भावाचा, संतोषचा, फोन आला. “वैशे, आण्णा गेले,” म्हणाला. मी म्हटलं, “बरं.” फोन ठेवला. समोर पाच गावांमधल्या विहिरींचा आलेख होता, त्यावरचा एक प्रश्न राहिला होता. मी तो सोडवला. बरोबर आला. मग शेजारच्या खणात वाकून शाहीनला विचारलं, “काष्टीला जायला आत्ता कुठली गाडी मिळेल?” तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिच्या हातातली पट्टी खाली पडली.

माझी बॅग तिनंच भरली. काय भरावं हे न कळून कपड्यांबरोबर सराव संचही भरला. रिक्षानं स्टँडपर्यंत आली, माझा हात तिच्या हातात धरून. मला तिचा हात दिसत होता. लागत नव्हता.

घरी लोक बसायला येत होते. बायका गळ्यात पडून रडायच्या, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचे. मला रडू येत नव्हतं, दुःखही होत नव्हतं. जीभ भाजल्यावर चव कळत नाही, तसं सगळं. दिवसाचं काहीतरी करायचं म्हणून ओट्याच्या कोपऱ्यात बसून मी सराव संच सोडवायचे. एक बाई म्हणाली, “पोरगी दगड झाली.” दुसरी म्हणाली, “बापाचं सपान हाय, मन लावून करती बिचारी.” दोघींचंही चूक होतं. मन कुठं होतं लावायला? उभी रेघ, आडवी रेघ, मापं, प्रश्न. त्यात कुणी मरत नव्हतं एवढंच. रिकाम्या जागेचा एक आलेख मी दोनदा सोडवला आणि दोन्ही वेळा चारनं भागला.

भावकीतून जेवण येत होतं. आई ताटं मांडायची. आम्ही तिघंच उरलो होतो, ती चार मांडायची. मी एक उचलून ठेवायचे, ती पुन्हा मांडायची. त्या ताटात कुणी काही वाढत नव्हतं. जेवणं झाली की ती चारही ताटं घासायला घ्यायची. मी जेवत होते, पण भूक नव्हती. ताट पुढं आलं की हात तोंडाकडं जायचा.

परीक्षा दहाव्याच्या लगेच नंतरच्या रविवारी होती. प्रवेशपत्र आलेलं होतं. जाऊ नको असं कुणी म्हटलं नाही. उलट सगळ्यांनी ती परीक्षा आण्णांचीच करून टाकली होती. जो येई तो सांगे, “त्याच्यासाटी हो.” मी मान हलवत होते.

दहावा भीमेच्या काठावर झाला. सकाळी नदीवरून धुकं उठत होतं. संतोषनं मुंडण केलेलं, थंडीनं त्याची मान आखडून गेलेली. गुरुजींना पुढं आणखी एका घरचं होतं, ते घाईत होते. पिंड मांडले. पलीकडं दुसऱ्या एका कुटुंबाचं चाललं होतं, त्यांच्या पिंडाला कावळा हातासरशी शिवला आणि ती मंडळी डोळे पुसत निघूनही गेली. आमच्याकडं कावळे भरपूर होते, बाभळीवर ओळीनं बसलेले. खाली एकही येईना. नैवेद्यात आण्णांना आवडणारं सगळं होतं. ठेचासुद्धा.

कावळा शिवत नाही म्हणजे जिवाची काहीतरी इच्छा राहिली. मग एकेकानं पुढं होऊन शब्द द्यायचा असतो. संतोष म्हणाला, आईला संभाळीन. कावळे बसलेले. टेम्पो विकणार नाही. कावळे बसलेलेच. कुणीतरी म्हणालं, पोरीत जीव होता त्याचा, तिला बोलवा. आप्पांनी माझ्या दंडाला धरून पुढं आणलं.

“म्हन, वैशे. म्हन, आण्णा, मी पास हुते.”

मी हात जोडले. माझ्या डोक्यात त्या क्षणी काय यावं? वर भाजक, खाली भाज्य असं उलटंपालटं काहीतरी, आणि मग नीट: अनुकूल घटना भागिले एकूण घटना. जागा बोटांवर मोजण्याएवढ्या, अर्ज जिल्ह्याजिल्ह्यांतून. हे मी ठरवून करत नव्हते. इतके दिवस डोकं तेवढं एकच काम करत होतं, ते त्यानं तिथंही केलं.

“आण्णा,” मी म्हटलं, “मी पेपर देईन.”

“तसं न्हाई. पास हुईन म्हन.”

“ते सांगता येत नाही, आप्पा.”

कुणीतरी खाकरलं. आप्पांचा चेहरा लाल झाला. “अगं बापाचा पिंड हाय समोर! म्हनायला काय जातंय?”

काहीच जात नव्हतं. मला हट्ट करायचा नव्हता. जगात कुणाशी खोटं बोलायचं नसेल तर ते आण्णांशी, असलं काही उदात्तही मनात नव्हतं. निश्चित घटनेची संभाव्यता एक असते आणि माझी एक नव्हती. मी तशीच हात जोडून उभी राहिले. शेवटी आप्पांनीच पुढं होऊन बाभळीकडं बघत हात जोडले. “पास हुईल! साहेब हुईल! मी जिम्मेदार हाय, शीव आता!” एका कावळ्यानं पाठ फिरवली.

ऊन वर आलं. गुरुजींनी घड्याळ बघितलं, मग दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला. झालं म्हणाले. कुणाच्याच मनासारखं झालं नव्हतं. लोक आंघोळी करून माझ्याकडं न बघता गाड्यांकडं निघाले.

रविवारी मी पेपर दिला. स्तंभालेख आला, पाच वर्षांत एका गावानं लावलेल्या झाडांचा, आणि एका वर्षाच्या डोक्यावर काही नव्हतं. मी पेन्सिल ठेवली. आईनं मांडलेलं चौथं ताट डोळ्यांपुढं आलं. मग मी पाचनं भागलं. पत्त्यांचाही प्रश्न आला. चित्रं बारा. बाहेर आल्यावर शाहीननं मला काही विचारलं नाही, मी तिला विचारलं नाही. आम्ही चहा घेतला.

निकाल लागला तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. शाहीन लागली. मी थोडक्यात राहिले. तिसऱ्यांदा थोडक्यात. फोनवर ती हुंदके देत होती, जणू तीच नापास झाली होती. मी म्हटलं, “बरं.” ते माझ्याच कानांना ओळखीचं वाटलं. तिनं तिची उशी माझ्यासाठी मागं ठेवली, पेढ्यांच्या बॉक्सशेजारी. आज ती सरकारी कार्यालयात बसते, आणि मापं शून्यापासून सुरू न होणारा आलेख कुठं वर्तमानपत्रात दिसला की मला फोटो पाठवते. खाली एवढंच लिहिते, ‘फसवायलाच.’

आप्पा आले ते चैत्रातल्या दुपारी, घाम पुसत. त्यांच्या खिशात स्थळ होतंच. ओट्यावर बसून पाणी प्याले आणि म्हणाले, “मला तवाच कळलं हुतं. कावळा शिवला न्हाई. पोरीनं शबुद दिला न्हाई, तिथंच समदं फिसकटलं. आता त्याचा जीव मोकळा करायचा तर हिचं हात पिवळं करून टाकू. थंडीपुरतं ठरलं हुतं आपलं.”

मी आत होते. मला राग यायला हवा होता, किंवा भीती वाटायला हवी होती. मी तांदूळ निवडत राहिले. ठरलं होतं तसंच तर ते बोलत होते. आण्णांनी मागून घेतलेलं संपलं होतं, आणि त्यांचं म्हणणं पुढं मांडायला आता आण्णा नव्हते.

आई आप्पांपुढं कधी बोललेली मी पाहिली नव्हती. तिनं पदर डोक्यावर सारखा केला.

“थंडी अजून सरली न्हाई, आप्पा,” ती म्हणाली.

आप्पांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्यांनी वर पत्र्याकडं बघितलं, अंगणातल्या उन्हाकडं बघितलं, मग आईकडं. “आं?”

“न्हाई सरली. सरली की मी सांगीन तुमाला.”

तिनं मग त्यांना सरबत करून दिलं. ते पिऊन आप्पा गेले. आईनं त्यानंतर त्यांना कधी काही सांगितलं नाही. मी पुन्हा सावेडीला आले, शाहीनच्या उशीवर बसले, आणखी एकदा हुकले, आणि मग शेजारच्या क्लासवाल्या सरांना स्तंभालेख शिकवणारं कुणी हवं होतं म्हणून शिकवायला लागले. अजून गावी गेले की आई चुलीपुढं बसून विचारते, “सरली का गं थंडी?” मी म्हणते, न्हाई.

लोकांना वाटतं आईत त्या दिवशी एकाएकी बळ आलं. एकाएकी नव्हतं आलं. ते कुठून आलं ते फक्त आम्हा दोघींना माहीत आहे.

दहाव्याच्या दिवशी सगळे गाड्यांत बसले तेव्हा आईच्या लक्षात आलं की आपला तांब्या घाटावरच राहिला. संतोष आणतो म्हणाला. “तू बस, गारठलायस,” म्हणून ती उतरली, आणि एकटी कशी जाईल म्हणून मी मागून गेले. घाट रिकामा झाला होता. धुकं गेलं होतं, पाण्यावर ऊन पडलं होतं. तांब्या पायरीवर होता, आणि खाली आमच्या पिंडाशी एक कावळा बसला होता. एकटाच. आमच्याकडं पाठ करून, पाण्याकडं तोंड करून, तो सावकाश खात होता. घाई नव्हती. भात झाला, मग ठेचा. कुणी त्याला काही कबूल केलेलं नव्हतं.

मी पुढं पाऊल टाकलं तसं आईनं माझा हात धरला.

“थांब. जाऊ नको तिकडं.”

“आई, तो बघ...”

“दिसतंय मला.” ती हळू आवाजात म्हणाली. “लोकांदेखत त्यांनी कधी घास घेतलाय व्हय? चल. खाऊ दे निवांत.”

“आप्पांना बोलावू?”

“कुनाला सांगू नको. परत समदे गोळा हुतील.”

तिनं तांब्या उचलला, पायांचा आवाज होऊ न देता. आम्ही दोघी पाठ फिरवून चढ चढू लागलो. तिचा हात अजून माझ्या हातात होता आणि तो ओला, गार आहे हे मला कळत होतं. अर्ध्या चढावर मला पोटात काहीतरी कळवळल्यासारखं झालं. काय होतंय ते आधी ओळखूच येईना.

“आई,” मी म्हटलं, “मला भूक लागलीय.”

“लागू दे,” ती म्हणाली. “घरी गेलं की वाढते.”

ती पुढं चालत राहिली. मी तिच्या मागून चालत होते, आणि भूक लागली म्हणून मला रडू येत होतं.